माजी सैनिकांना सुरक्षेच्या कामावर घेणाऱ्या सरकारी कंत्राटदारांपैकी पुरस्कारासाठी कुणाला निवडावं?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: कोल्हापुरातली तुमची माजी सैनिक संघटना १४ जानेवारीच्या माजी सैनिक दिनी सरकारी कार्यालयांत सुरक्षेचं कंत्राट चालवणाऱ्या एका एजन्सीचा सत्कार करणार आहे, अर्ज येताहेत आणि निकष ठरत नाहीत.

अर्जाबरोबर आलेली रंगीत फाइल आधी बाजूला ठेवा. उलाढाल, आयएसओ प्रमाणपत्र, साहेबांची प्रशंसापत्रं यांवरून काहीच कळत नाही. प्रशंसापत्र बहुधा एजन्सीच टाइप करून नेते, साहेब फक्त सही करतात. कंत्राट चांगलं चाललंय का हे पॉइंटवर, म्हणजे पहाऱ्याच्या जागी, उभ्या असलेल्या माणसाला ठरलेला पगार ठरलेल्या तासांत मिळतो का, यावरून ठरतं. आणि ते तपासता येतं.

पहिला हिशोब माणसांचा. चोवीस तासांचा एक पॉइंट म्हणजे आठ-आठ तासांच्या तीन ड्युट्या. प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी द्यायची तर सहा माणसांमागे एक रिलीव्हर, म्हणजे सुट्टीवरच्याच्या जागी उभा राहणारा बदली माणूस, लागतो. म्हणजे चार पॉइंटना १२ ड्युट्या, त्यावर २ रिलीव्हर, एकूण १४ माणसं. कार्यालय १४ जणांचे पैसे देत असेल आणि हजेरीपटावर बाराच नावं असतील, तर कुणाला सुट्टी मिळत नाही आणि दोघांचा पगार दुसरीकडे जातो. आठ-नऊच नावं असतील तर बारा-बारा तासांची ड्युटी चालू आहे. इथं एक अडचण खरी आहे: गडहिंग्लज, आजऱ्याकडून येणाऱ्या माणसाला रात्री दहाला सुटून एसटी मिळत नाही, म्हणून तो स्वतःच लांब ड्युटी मागून घेतो. मागू दे, पण जादा तासांचे दुप्पट दराने पैसे पगारस्लिपवर दिसले पाहिजेत. तिथं सहसा शून्य असतं.

दुसरा हिशोब पीएफचा, आणि हा घरबसल्या करता येतो. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ संघटनेच्या, संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की कुठल्या महिन्याचं चलन कोणत्या तारखेला भरलं आणि किती कर्मचाऱ्यांचं, हे दिसतं. मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेची. बारा महिने बघा. कर्मचाऱ्यांचा आकडा एजन्सीने अर्जात लिहिलेल्या आकड्याशी जुळतो का तेही बघा. पण चलन भरलं म्हणजे सगळं भरलं असं नाही. चलनासोबतच्या यादीत बिनपगारी दिवसांचा, म्हणजे एनसीपीचा, रकाना असतो. पूर्ण महिना उभ्या राहिलेल्या माणसापुढे तिथं १२ किंवा १५ लिहून पीएफ अर्ध्यावर आणतात. त्यामुळे ही यादी हजेरीपटाशेजारी ठेवूनच वाचा. सगळ्या ठिकाणांची मिळून एकच लांबलचक यादी जोडली असेल, तर तुमच्या पॉइंटवरची नावं त्यांनाच खूण करून द्यायला सांगा.

‘तुम्ही पेन्शनर, तुम्हाला पीएफ लागत नाही’ हे वाक्य माजी सैनिकांना सर्रास ऐकवलं जातं. लष्करी पेन्शनमुळे पीएफमधून सूट मिळत नाही. वय ५८ च्या पुढे असेल तर मालकाचा पेन्शन फंडातला वाटाही पीएफ खात्यातच जातो, एवढाच फरक. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० च्या वर असलेल्या नव्या माणसाला नियमाने बाहेर ठेवता येतं, हे खरं. पण मग दरात धरलेली पीएफची रक्कम एजन्सी कार्यालयाकडून घेते का, हे विचारा. घेत असेल आणि खात्यात भरत नसेल, तर तो अर्ज तिथंच बाद. ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचंही, तेच: पगार २१,००० च्या आत असेल तर ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आहे म्हणून ईएसआय टाळता येत नाही.

महागाई भत्ता केंद्राच्या किमान वेतनाच्या दरांत १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो, राज्याच्या दरांत १ जानेवारी आणि १ जुलैला. बदलाच्या आधीची आणि नंतरची, अशा दोन पगारस्लिपा मागा. वाढ माणसापर्यंत पोचलेली नसेल, तर बिलात ती लावली होती का ते बघा. डीजीआरच्या, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या, दरपत्रकात गणवेश आणि धुलाई वेगळी धरलेली असते. तरीही कुणी गणवेशाचे पैसे पगारातून कापत असेल तर एकाच कपड्याचे दोनदा पैसे घेतले.

आता कागदावर न दिसणारी गोष्ट. पगार बँकेत जमा होतो आणि दोन दिवसांनी सुपरवायझर त्यातले दोन-तीन हजार रोख परत घेतो. हे शोधायचं तर माणसं तुम्ही निवडा: एक रात्रपाळीचा, एक रिलीव्हर आणि गेल्या वर्षात काम सोडून गेलेला एक. सुपरवायझर जवळपास नको. ‘पगार बरोबर मिळतो का’ असं विचारलंत तर ‘मिळतो साहेब’ हेच उत्तर येणार. ‘मागच्या महिन्यात कुठल्या तारखेला जमा झाला, किती झाला, हातात किती राहिला’ असं विचारा. सोडून गेलेल्याला त्याची पीएफमधली नोकरी सोडल्याची तारीख एजन्सीने भरली का ते विचारा. एजन्सीची नियत त्या एका उत्तरात कळते.

डीजीआरच्या पॅनेलवरच्या एजन्सीत किमान ९० टक्के माणसं माजी सैनिक हवीत, आणि मालक माजी सैनिक आणि स्वतः ती चालवणारा हवा. नाव मेजरसाहेबांचं आणि कारभार गावातल्या पैसेवाल्याचा, हा प्रकार किती चालतो ते तुम्हालाही ठाऊक असेल. बँक खात्यावर सही कोणाची, कुलमुखत्यारपत्र कुणाला दिलंय, एवढं बघितलं की उलगडा होतो. माणसांची डिस्चार्ज बुकं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या ओळखपत्राशी ताडून घ्या. पसारा, म्हणजे खासगी सुरक्षा एजन्सींच्या, कायद्याखालचा परवाना आणि प्रशिक्षण हवंच. माजी सैनिकांना ते कमी असतं, ४० तास वर्गात आणि १६ तास प्रत्यक्ष, पण माफ नसतं. मेस्को हे माजी सैनिकांसाठीचं शासनाचं महामंडळ आहे, त्याला खासगी एजन्सीच्या रांगेत बसवू नका.

माझं मत विचाराल तर एक पुरस्कार कार्यालयातल्या खरेदी अधिकाऱ्यासाठीही ठेवा. निम्मं पाप निविदेत असतं. डीजीआरच्या दरांत सर्व्हिस चार्ज १४ टक्के असतो. खुल्या निविदेत तोच १ टक्क्यावर आला, तर माणशी २०,००० धरून १४ जणांमागे महिन्याला २,८०० रुपये सुटतात. त्यात सुपरवायझरचं पेट्रोलही भागत नाही. मग खर्च निघतो रिलीव्हरच्या पगारातून. ज्या अधिकाऱ्याने रिलीव्हर वेगळा दाखवला, मागच्या महिन्याच्या पीएफ यादीशिवाय बिल घेतलं नाही आणि घेतल्यावर ते वेळेत काढलं, त्याच्यामुळेच एजन्सीला नीट चालता येतं. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी शेवटी मूळ मालकावरच, म्हणजे कार्यालयावर, येते. तेव्हा हा त्याच्याही फायद्याचा मामला आहे.

कार्यक्रमाला पैसे देणारी एजन्सी स्पर्धेत नको. हे आजच ठरवा, नंतर तोंड उघडणं अवघड जातं. मानपत्रावर ‘जिल्ह्यातली सर्वोत्तम’ असं लिहू नका. ठिकाण आणि वर्ष लिहा, कारण एका पॉइंटवर चोख असलेली एजन्सी दुसऱ्या ठिकाणी गचाळ निघते, आणि तुमच्या ट्रॉफीचा फोटो पुढच्या निविदेला जोडला जाणार आहे.

हजेरीपट आणि बिलाच्या प्रती एजन्सीकडून घेऊ नका, कार्यालयाकडून माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये, प्रत पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. पहिलं उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर अपिलात महिना-दीड महिना जातो, म्हणून अर्ज सप्टेंबरअखेर टाका. आणि सभागृह लवकर धरा, १४ जानेवारीला बहुधा संक्रांत असते.