वाचकांचे प्रश्न : बोटीच्या बैठकांखालच्या कुजलेल्या फळ्या

प्रश्न : आम्ही नुकतीच एक जुनी फायबरची मोटरबोट विकत घेतली आहे. बोटीचा सांगाडा आणि इंजिन उत्तम आहे. परंतु मागच्या बाकावर बसताच बैठक खाली दबते आणि शिवणीतून काळसर पाणी झिरपते. बैठक उलटी करून पाहिली, तेव्हा तळाच्या प्लायवूडचे पापुद्रे सुटलेले दिसले आणि बिजागरीचे स्क्रू नुसत्या बोटांनी निघून आले. वरचे रेक्झिन मात्र चांगले आहे. लाकूड घट्ट करणारे द्रावण ओतून या फळ्या वाचवता येतील, की नव्याच कराव्या लागतील?

उत्तर : पापुद्रे सुटलेली फळी वाचवण्याच्या खटपटीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. असे द्रावण मऊ पडलेल्या तंतूंमध्ये शिरून त्यांना कडक करते हे खरे. परंतु ओल्या लाकडात ते खोलवर जात नाही आणि प्लायवूडच्या थरांमधला सुटलेला जोड त्याने पूर्ववत होत नाही. ज्या भागावर भार येत नाही, तिथला एखादा लहानसा कोपरा त्याने सावरता येतो. बोटीच्या बैठकीवर मात्र माणसाचे वजन नुसते टेकलेले नसते. प्रत्येक लाटेसरशी ते आदळत असते.

नवी फळी कापण्यापूर्वी जुनी का कुजली, हे समजून घेणे आवश्यक आहे. अन्यथा काही वर्षांत हेच काम पुन्हा करावे लागेल. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात, आणि लाकडातील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिले तर ती वाढू शकत नाही. पावसाचे पाणी शिवणीच्या सुईछिद्रांतून फोममध्ये उतरते, फोम ते धरून ठेवतो आणि भोवती ताणून बसवलेल्या रेक्झिनमुळे ते सुकतही नाही, त्यामुळे फळी महिनोन्महिने ओलीच राहते. समुद्राच्या पाण्यातील मीठ या बुरशीला काहीसे रोखते. पावसाच्या गोड्या पाण्यात तसे काही नसते. म्हणूनच, नियमित वापरातल्या बोटीपेक्षा किनाऱ्यावर उघड्यावर पडून राहिलेल्या बोटीच्या बैठका पुष्कळदा आधी कुजतात.

बैठक ज्या खोक्यावर टेकते तो खोका आणि त्याखालची बोटीची जमीनही याच वेळी तपासावी. टोकदार टोचा लाकडात दाबून पाहावा; निरोगी लाकडात तो अडतो, कुजलेल्या लाकडात विनासायास आत जातो. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येत असेल, तर तिथे खूण करावी. चालकाच्या आसनाचा खांब जिथे जमिनीला बोल्टने जोडलेला असतो, ती जागा मऊ लागली तर बाकीचे सारे बाजूला ठेवून प्रथम तीच दुरुस्त करावी. वेगात असलेल्या बोटीत आसन उखडले तर चालक बाहेर फेकला जाऊ शकतो.

रेक्झिन उतरवताना घाई करू नये. चपट्या पेचकसाने स्टेपलरची प्रत्येक पिन थोडी उचलून पकडीने सरळ ओढावी, म्हणजे जुने रेक्झिन फाटत नाही. कोपऱ्यांच्या घड्यांची छायाचित्रे आधीच काढून ठेवावीत. कुजलेली फळी कितीही खराब झालेली असली तरी काम संपेपर्यंत टाकू नये, कारण नव्या फळीचा साचा तीच असते. तिचे तुकडे झाले असतील, तर ते कागदावर जुळवून बाह्यरेषा आखावी आणि ती बैठकीच्या खाचेशी ताडून पाहावी. जाडी जुन्या फळीइतकीच ठेवावी, नाहीतर बिजागऱ्या जुळत नाहीत. कडांना रेक्झिनच्या घडीपुरती जागा सोडावी.

नव्या फळीसाठी मरीन प्लाय घ्यावे. त्याचे थर पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाने जोडलेले असतात आणि आत पोकळ्या नसतात. परंतु मरीन प्लाय आपोआप कुजण्यापासून सुरक्षित असते, हा समज चुकीचा आहे. त्याला सर्व बाजूंनी इपॉक्सीचे, म्हणजे हार्डनर नावाचा द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेचे, दोन ते तीन हात द्यावेत. कापलेल्या कडा सर्वाधिक पाणी शोषतात, त्यामुळे तिथे एखादा हात जास्त द्यावा. पहिला हात दुपार उलटल्यावर, लाकूड थंड होत असताना द्यावा. तापत असलेल्या लाकडातून हवा बाहेर पडते आणि थरात बुडबुडे येतात. हार्डनरचे प्रमाण डब्यावर दिलेलेच ठेवावे, कारण जास्त घातल्याने थर लवकर सुकत नाही, उलट कमकुवत राहतो. हातमोजे अवश्य वापरावेत. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते.

खरी कसोटी छिद्रांपाशी लागते, कारण इतक्या काळजीने दिलेला थर आपणच स्क्रू आणि पिना ठोकून भेदतो. बिजागरीच्या प्रत्येक स्क्रूसाठी त्याच्या दुप्पट व्यासाचे छिद्र पाडावे, ते दाट केलेल्या इपॉक्सीने भरावे आणि पूर्ण कडक झाल्यावर त्यात नवे बारीक छिद्र घ्यावे. म्हणजे स्क्रू लाकडात न बसता इपॉक्सीत बसतो. पिना स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात, आणि फळी १२ मिलिमीटरची असेल तर ८ ते १० मिलिमीटर लांबीच्या पुरतात. पाणी बाहेर पडावे यासाठी फळीत काही छिद्रे ठेवून त्यांच्या आतल्या कडाही इपॉक्सीने माखाव्यात. वास मारणारा फोम नव्या फळीवर पुन्हा बसवू नये. रेक्झिन उन्हात थोडे तापवून, आधी समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यभागी आणि शेवटी कोपऱ्यांत पिना मारत ताणावे.

प्रश्न : लाकडाऐवजी प्लास्टिकची जाड पत्री वापरली तर कुजण्याचा प्रश्नच उरणार नाही, नाही का?

उत्तर : कुजण्याचा उरणार नाही, परंतु दुसरे प्रश्न उभे राहतात. अशा पत्रीचे एचडीपीई (उच्च घनतेचे पॉलिथिन) प्लास्टिक त्याच जाडीच्या प्लायवूडपेक्षा बरेच अधिक वाकते, त्यामुळे लांब बाकाला मध्ये आधार द्यावा लागतो. त्यावर गोंद जवळजवळ धरत नाही, आणि उन्हात ते लाकडापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावत असल्याने स्क्रूंची छिद्रे किंचित मोठी ठेवावी लागतात. हातातल्या साध्या स्टेपलरची पिन त्यात पुरती घुसेलच असे नाही, म्हणून आधी एका तुकड्यावर चाचणी घ्यावी. चहूबाजूंनी आधार असलेल्या लहान बैठकीसाठी मी हा पर्याय आनंदाने सुचवेन; लांब बाकासाठी मात्र नीट माखलेले मरीन प्लायच निवडेन.