‘दंड भरून मोकळा होतो’ म्हणण्याआधी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली मुलं समुपदेशनाला येतात तेव्हा एकच काळजी वारंवार कानावर येते : मारामारीची केस झाली, आता भरती गेली. मराठा लाइट इन्फंट्रीकडे डोळे लावून पहाटे पळणाऱ्या पोराला ही काळजी रात्रभर झोपू देत नाही.

असाच एक, एकवीस वर्षांचा. बांधावरच्या भांडणात चुलतभावाच्या थोबाडीत मारलेली. खिशात घडीवर घडी घातलेलं कन्नडमधलं समन्स.

“रागात एकच थापड मारलो की ओ, मॅडम. आत घालतील काय?”

घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, असं मी मानते. म्हणून नुसता धीर न देता तो कागद त्याच्यासोबत ओळीओळीनं वाचला. भारतीय न्याय संहितेची दोन कलमं होती. 115(2), साधी दुखापत : 1 वर्षापर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 352, चिथावणीसाठी केलेला अपमान : 2 वर्षांपर्यंत. दोन्ही जामीनपात्र आणि अदखलपात्र. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. दात पडला किंवा हाड मोडलं असतं तर ती गंभीर दुखापत, 7 वर्षांपर्यंत. हातातला विळा लागला असता तर कलम 118(1), आणि तिथं जामीनही हक्कानं मिळत नाही.

त्याचे खांदे सैल झाले. “मग मामा म्हणतात तसं करतो. गुन्हा कबूल, दंड भरून मोकळा.”

इथंच बहुतेक मुलं फसतात. दंड पाचशेचा असला तरी कबुलीनंतर कोर्ट दोषी ठरवतं, आणि ती नोंद राहते. या दोन्ही कलमांत तडजोड होते, तिला कोर्टाची वेगळी परवानगी लागत नाही आणि कायद्यानं तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. मात्र ती करायची की नाही, हे ज्याला लागलं त्यानं ठरवायचं.

“म्हणजे काकांच्या दारात जायचं?” बराच वेळ गप्प. “दंड परवडला, मॅडम.”

तोवर आम्ही दोघंही तुरुंगाच्या भीतीबद्दलच बोलत होतो. त्याला खरी जड होती ती काकांची पायरी.

“काका काय म्हणतील?”

“बापासारखाच निघालास, म्हणतील.”

“बाबा कधी त्या दारात गेले होते?”

तो खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “न्हाई. कधीच न्हाई.” पुढचं मला सांगावं लागलं नाही. कितीही कलमं समजावून जे झालं नसतं, ते या एका उत्तरानं झालं.

जाताना सोबत आईला घे, एवढंच सुचवलं. चार पोरं घेऊन गेलं की समजूत घालायला आलेला माणूसही दमदाटी करणारा ठरतो, आणि धमकीचं नवं कलम लागतं. तडजोडीचा अर्ज वकिलाकडूनच करून घ्यायचा, आणि ती नोंदली जाईपर्यंत एकही तारीख चुकवायची नाही. गैरहजर राहिलं की वॉरंट निघू शकतं.

भरतीच्या फॉर्मबद्दलही तो अडला होता. केस मिटली तर लिहायची कशाला? फॉर्मात विचारलं असेल तर लिहायचीच. माहिती लपवल्याच्या कारणावरून नेमणूक रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये स्पष्ट केलं. त्याच निकालात तरुण वयातली घोषणाबाजी किंवा तसाच किरकोळ गुन्हा असेल तर नेमणूक करणाऱ्याला ते नजरेआड करण्याची मुभाही ठेवली. म्हणून निकालाची प्रमाणित नक्कल काढून घरी ठेवायची.

तिसऱ्या तारखेला दोघा भावांनी अर्जावर सह्या केल्या. नक्कल त्यानं आईच्या ट्रंकेत ठेवली आहे.