डिस्क राइट झाली म्हणून मूळ क्लिप पुसू नका

घरच्या क्लिपांची डीव्हीडी बनवण्याबद्दल तुम्ही लिहिलेल्या बाकीच्या अडचणी वाचताना मी मान डोलावत होते. फोनच्या आणि जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या क्लिपा छाटल्या, डीव्हीडी राइट करताना ९० टक्क्यांच्या पुढे एरर येतो, पाच डिस्क वाया गेल्या, जी एक पूर्ण झाली ती कॉम्प्युटरवर चालते पण टीव्हीच्या प्लेअरवर अडकते, आवाज ओठांच्या मागे राहतो. यातून मीही गेले आहे आणि हे सगळं सुटतं. पण शेवटी तुम्ही लिहिलंय की एक डिस्क पूर्ण झाली म्हणून तेवढ्या क्लिपा कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून काढून टाकल्या, जागा हवी होती. ते वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

पुढचं वाचण्याआधी ते कार्ड कॅमेऱ्यातून बाहेर काढून ठेवा. त्यावर नवीन काही चित्रित करू नका, फॉरमॅट करू नका. कशासाठी ते शेवटी सांगते.

मी या धंद्यातली नाही. घरच्या चाळीसेक टेपा उतरवता उतरवता जे कळलं तेवढंच सांगतेय, आणि तेही विंडोजवरचं.

२००६ मध्ये मी मावशीच्या मिनी डीव्ही टेपा कॉम्प्युटरवर घेतल्या. या टेपांचं एका तासाचं चित्रण साधारण १३ जीबी जागा खातं, आणि तेव्हाची माझी हार्ड डिस्क ८० जीबीची. दोन आठवडे बसून निवडक भाग छाटले, एक तास पन्नास मिनिटांची डिस्क बनवली. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच 'डीव्हीडी बनवा' असं बटण होतं, ते दाबलं. वेग १६ एक्स, कारण डिस्कवर १६ एक्स छापलेलं होतं. 'यशस्वी' असा निरोप आला. प्लेअरमध्ये टाकून पहिली पाच मिनिटं पाहिली, झकास होती. वर एक छान कागदी लेबल चिकटवलं. हार्ड डिस्कवरच्या मूळ फाइल पुसल्या आणि टेपा पुन्हा चित्रणासाठी वापरायला देऊन टाकल्या.

मावशी आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागे. सगळ्यांचं चित्रण तिने केलं, त्यामुळे ती स्वतः कुठेच नाही. फक्त शेवटच्या क्लिपमध्ये तिने कॅमेरा माझ्या हातात दिला होता आणि चार मिनिटं ती समोर बसून बोलत होती. मी ती क्लिप मुद्दाम शेवटी ठेवली.

२०११ मध्ये, ती गेल्यानंतर, आम्ही डिस्क लावली. एक तास अडतीस मिनिटांपर्यंत सगळं नीट. मग चित्राचे चौकोन होऊ लागले, मग प्लेअर थांबला.

नेमकं शेवटीच का, हे मला फार उशिरा कळलं. डीव्हीडीवर लिहायला आतल्या बाजूने, मधल्या भोकाजवळून सुरुवात होते आणि लिखाण बाहेर सरकत जातं. म्हणजे शेवटची क्लिप कडेला. जास्त वेगाने राइट करताना ड्राइव्ह आत हळू असतो, पूर्ण वेग बाहेरच्या कडेलाच गाठतो. आपली बोटं लागतात तीही कडेला. कागदी लेबल थोडं जरी तिरकं बसलं तरी डिस्क फिरताना डगमगते, आणि काही वर्षांत कागद आणि डिंक आकसून तिला बाक आणू शकतात. त्यात मी डिस्क काठोकाठ भरलेली. वेग, लेबल की डिस्कचा दर्जा, दोष नक्की कशाचा ते आता ठरवता येणार नाही. पण लिहून झाल्यावर शेवटपर्यंत तपासली असती तर त्याच दिवशी काही कळलं असतं, आणि मूळ फाइल जपल्या असत्या तर डिस्क मेल्याचं काहीच वाटलं नसतं.

दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहिली. एका जुन्या ड्राइव्हने शेवटच्या क्लिपची सुरुवातीची चाळीस सेकंदं वाचली, ती मी उतरवून घेतली. हे तुम्हीही करून बघा, एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसरा कधी कधी वाचतो. तिथे मी थांबायला हवं होतं. त्याऐवजी डेटा परत मिळवून देणाऱ्या एका ठिकाणी डिस्क दिली. त्यांनी तीन आठवडे ठेवून घेतली, दर फोनला 'काम चालू आहे' एवढंच ऐकवलं आणि मग सांगितलं की ओरखडे होते, पॉलिश करून दिलंय. ओरखडे नव्हतेच! डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या, आणि आपण राइट केलेलं असतं ते त्या दोघींच्या मधल्या रंगद्रव्याच्या थरात. खालचा पृष्ठभाग घासून तो थर सुधारत नाही. परत आलेली डिस्क त्या जुन्या ड्राइव्हनेही घेतली नाही. आजही कुणी न बघता 'पॉलिश करून देतो' म्हटलं की माझं डोकं फिरतं. कृपा करून घासू देऊ नका.

आता तुमच्या एररकडे. माझं ठाम मत आहे, काहींना पटणार नाही: छाटणं, डीव्हीडी तयार करणं आणि राइट करणं ही तिन्ही कामं एका बटणावर सोपवायची नाहीत. एकाच बटणाने केलं की चूक कुठे झाली ते कळतच नाही. आधी क्लिपा छाटून वेगळ्या फाइल करा. त्यांची डीव्हीडी बनवा, पण डिस्कवर नाही, हार्ड डिस्कवर आयएसओ फाइल म्हणून, म्हणजे अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये. डीव्हीडीस्टाइलर हे फुकट सॉफ्टवेअर ते करतं. ती आयएसओ व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहा. मग इमगबर्न या डिस्क राइट करणाऱ्या सॉफ्टवेअरने ती डिस्कवर उतरवा. इमगबर्नची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे, पण काम चोख करतं. फक्त इन्स्टॉल करताना सोबत दुसरं काही घुसत नाही ना ते बघा.

असं केलं की निदान सोपं होतं. आयएसओ बनतानाच दर वेळी एकाच जागी अडकलं, तर तिथली एखादी क्लिप बिघडलेली आहे. ती काढून पुन्हा करून पाहा. आयएसओ नीट चालते पण राइट करताना दर वेळी शेवटाकडेच एरर येतो, तर संशय डिस्कच्या कडेवर, वेगावर आणि डिस्कच्या दर्जावर. एरर कधी २० टक्क्यांवर, कधी ७० वर, तर केबल किंवा वीज. बाहेरून यूएसबीला जोडायच्या ड्राइव्हला पुरेशी वीज मिळाली नाही की असंच होतं. यूएसबी हब काढा, थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला जोडा. तुमचं लक्षण या तीनपैकी दुसऱ्या प्रकारचं दिसतंय, म्हणून नवा ड्राइव्ह घ्यायची घाई करू नका. आधी दुसऱ्या कंपनीच्या डिस्क आणा, वेग ४ एक्स किंवा ८ एक्स ठेवा आणि डिस्क काठोकाठ भरू नका.

काठोकाठ म्हणजे किती? डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं, म्हणजे ४७० कोटी बाइट. विंडोज तीच जागा ४.३७ जीबी दाखवतं, कारण त्याचा जीबी १०२४ च्या पटीतला. तुमच्या आयएसओचा आकार चुकलेला नाही, मोजमाप वेगळं आहे. मी विंडोजच्या मापाने ४ जीबीच्या पुढे जात नाही. त्या हिशोबाने दीड तासाच्या चित्रणाला आवाजासकट सेकंदाला साधारण ६ मेगाबिट येतात, दोन तासांना साडेचार. एका तासाला साडेनऊपर्यंत येतील, पण मी ८ वर थांबते. डीव्हीडीच्या नियमात चित्राला ९.८ पर्यंत मुभा आहे, तरी घरी राइट केलेल्या डिस्कवर तेवढा वेग जुन्या प्लेअरना झेपत नाही आणि ते अडकतात. तुमची पूर्ण झालेली डिस्क टीव्हीवर अडकते त्याचं हे एक कारण असू शकतं.

दुसरं कारण, डिस्क मुळात व्हिडिओ डीव्हीडी आहे का? तिच्यात 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर नसेल आणि नुसत्या एमपी४ फाइल असतील, तर ती डेटा डिस्क झाली. कॉम्प्युटर ती चालवतो, साधा प्लेअर चालवेलच असं नाही. प्लेअरला एमपेग-२ या प्रकारातलं चित्र लागतं, ७२० बाय ५७६ (सेकंदाला २५ चित्रं, ही पाल पद्धत) किंवा ७२० बाय ४८० (२९.९७, ही एनटीएससी), आणि आवाज ४८ किलोहर्ट्झचा.

आवाज मागे राहण्याचं मूळ बहुतेक वेळा फोनमध्ये असतं. फोन सेकंदाला नेमकी ३० चित्रं घेत नाही. उजेड कमी झाला की कमी घेतो, पुन्हा वाढवतो. डीव्हीडी बनवणारं सॉफ्टवेअर मात्र चित्रं ठरलेल्या गतीने येतात असं धरून चालतं. छोट्या क्लिपमध्ये फरक कळत नाही, वीस मिनिटांनंतर ओठ आणि शब्द सुटे होतात. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, फ्रेम रेटपुढे (सेकंदाला किती चित्रं) 'व्हेरिएबल' दिसलं तर छाटण्याच्या आधी ती हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून काढून घ्या. बहुतेक क्लिपा फोनच्या असतील तर ३० निवडा आणि डिस्क एनटीएससीत करा, जुन्या कॅमेऱ्याच्या २५ च्या जास्त असतील तर पाल. दोन्ही मिसळून चालतं, पण ज्या थोड्या असतील त्यांची हालचाल किंचित धक्क्याने दिसेल. अर्थात तुमचा प्लेअर आणि टीव्ही दोन्ही प्रकार दाखवतात ना, ते एखाद्या पुन्हा पुसता येणाऱ्या डिस्कवर आधी पाहा. चाचणीसाठी आरडब्ल्यू डिस्क एक तरी घरात हवीच.

छाटताना 'मी कापलं तिथे कापलं जात नाही, दोन सेकंद मागून सुरू होतं' असंही तुम्ही लिहिलंय. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड नाही. फाइलमध्ये प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं, ती कीफ्रेम. मधल्या चित्रांत फक्त बदल नोंदलेले. लॉसलेसकट किंवा अ‍ॅव्हिडिमक्समध्ये पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे चित्र नव्याने दाबून न साठवता, कापलं तर सुरुवात कीफ्रेमवरच पडते. त्यामुळे दोन सेकंद जादाच ठेवा. डीव्हीडीसाठी सगळं एकदा पुन्हा एन्कोड होणारच आहे, नेमकी कापाकापी तेव्हा करा. दोनदा एन्कोड केलेल्या क्लिपचे चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात, मला ते अजिबात सहन होत नाही. म्हणून हँडब्रेकमधून काढलेल्या क्लिपांचा दर्जा चढाच ठेवा, फाइल मोठी झाली तरी.

दोन आडवाटेच्या गोष्टी, माझा एकेक दिवस यात गेलाय. फाइल आणि फोल्डरची नावं डीव्हीडी बनवताना छोटी आणि इंग्रजी अक्षरांतच ठेवा. देवनागरी नावांवर बरीच जुनी सॉफ्टवेअर अडखळतात आणि एररमध्ये भलतंच कारण सांगतात. आणि मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल, जागा असूनही, तर पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यावर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एकही फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, अर्थात आतलं दुसरीकडे काढून.

राइट झाल्यावर इमगबर्नमधलं 'व्हेरिफाय' (लिहिलेलं परत वाचून ताडून पाहणं) चालू ठेवाच, कितीही वेळ खाल्ला तरी. त्यानंतर डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून सगळं फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. शेवटपर्यंत कॉपी झालं म्हणजे कड वाचली गेली. मग टीव्हीच्या प्लेअरवर थेट शेवटच्या क्लिपवर जा, पहिल्या नव्हे. लेबल चिकटवू नका, डिस्कसाठीच्या मार्करने मधल्या पारदर्शक भागावर लिहा.

आता ते कार्ड. कार्डावरून फाइल काढली की ती लगेच नष्ट होत नाही. तिची जागा मोकळी आहे अशी फक्त नोंद होते. नवीन चित्रण त्या जागेवर बसलं की मग ती जाते. म्हणून कार्ड बाहेर काढायला सांगितलं. कार्ड रीडरने कॉम्प्युटरला जोडा, विंडोजने 'फॉरमॅट करायचं का' विचारलं तर नाही म्हणा, आणि फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. नाव फोटोचं असलं तरी ते व्हिडिओही शोधतं. परत मिळालेल्या फाइल त्याच कार्डावर ठेवू नका, हार्ड डिस्कवरचं फोल्डर निवडा. फाइलींची जुनी नावं मिळणार नाहीत, एकेक उघडून ओळखाव्या लागतील. मोठ्या क्लिपा तुकड्यांत विखुरलेल्या असतील तर अर्धवटही निघू शकतात. फोनच्या आतल्या मेमरीवरून पुसलेल्या क्लिपांना मात्र हा उपाय सहसा लागू पडत नाही. त्यांच्यासाठी गॅलरीतली कचरापेटी बघा, बऱ्याच फोनमध्ये पुसलेलं तिथे ३० दिवस राहतं.

यातून जे निघेल ते आणि पूर्ण झालेल्या त्या एका डिस्कमधलं फोल्डर, दोन्ही आजच दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. पुढची डिस्क उद्या राइट केलीत तरी चालेल. फोटोरेकमध्ये अडलात तर कार्डाचा आकार आणि क्लिपा एमटीएस आहेत की एमपी४ ते कळवा, त्याप्रमाणे कोणता पर्याय निवडायचा ते सांगते.