‘वसाहतीचे स्वराज्य’ : ही वसाहत कोणाची?

टोरांटोजवळच्या एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या ताई १ जुलैच्या कार्यक्रमासाठी मुलांना चार ओळी लिहून देत आहेत. घरातल्या एका जुन्या शालेय इतिहासाच्या पुस्तकात त्यांना ‘कॅनडास वसाहतीचे स्वराज्य मिळाले’ असं वाक्य सापडलं आणि त्या अडखळल्या. वसाहत म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातला मुलूख, मग तिला स्वराज्य कसलं? शब्द चुकलाय का? आणि त्या दिवसाला ‘कॅनडाचा स्वातंत्र्यदिन’ म्हटलं तर चालेल का?

ताई, शब्द चुकलेला नाही. आपल्या कानाला तो विचित्र लागतो, कारण ‘वसाहत’ म्हटलं की आता आपल्याला ‘वसाहतवाद’ आठवतो आणि त्यातून थेट पारतंत्र्य. हा अर्थ मागून चिकटलेला आहे. मूळ शब्द ‘वसणे’मधला. उजाड पडलेलं गाव पुन्हा नांदतं करायचं तर सरकार कौल, म्हणजे अभयाचं लेखी वचन, देई, येणाऱ्या कुळांना पहिली वर्षं सारा हलका ठेवून पुढे चढता इस्तावा, म्हणजे टप्प्याटप्प्याने वाढणारा सारा, लावी. माणसं गुरंढोरं घेऊन येत, जमीन लागवडीखाली आणत, आणि मग गावाची वसाहत झाली म्हणत. आजही रेल्वे वसाहत, पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत म्हणताना कुणाच्या मनात गुलामी येत नाही. माणसं येऊन वसली ती वसाहत, इतकाच त्याचा अर्थ.

योगायोग असा की ‘कॅनडा’ या नावाचा अर्थही तोच आहे. १५३५ साली फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए सेंट लॉरेन्स नदीतून वर चालला होता. बरोबरच्या दोन स्थानिक तरुणांनी स्टाडाकोना या आपल्या गावाची वाट दाखवताना ‘कनाटा’ असा शब्द वापरला. त्यांच्या इरोक्वाई भाषेत त्याचा अर्थ गाव, वस्ती. कार्तिएने तेच सगळ्या मुलखाचं नाव धरलं. आजचं क्वेबेक शहर त्याच ठिकाणी आहे.

आता ‘वसाहतीचे’मधल्या षष्ठीकडे या. ‘चे’ इथे मालकी दाखवत नाही, प्रकार दाखवतो. कोकणातला आंबा तो कोकणचा आंबा, तसं ब्रिटिश साम्राज्यातल्या वसाहतींना मिळालं त्या जातीचं स्वराज्य ते वसाहतीचे स्वराज्य. हा प्रकार आपल्या राजकारणात आला तोच मुळी कॅनडासारख्या वसाहतींकडे बोट दाखवत. १९०५ साली बनारसच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी स्वशासित वसाहतींसारखा कारभार हे ध्येय सांगितलं. पुढच्याच वर्षी कलकत्त्याला दादाभाई नौरोजींनी इंग्रजी भाषणात चक्क ‘स्वराज’ हा शब्द वापरला आणि ते इंग्लंडसारखं किंवा वसाहतींसारखं असावं असं म्हटलं. या मागणीला मराठीत नाव लागलं ते ‘वसाहतीचे स्वराज्य’. इंग्रजीत याच दर्जाला पुढे ‘डोमिनियन स्टेटस’ म्हणू लागले, आणि १९२८च्या नेहरू अहवालाची मागणी तीच होती.

पण नुसत्या नावाने काम भागणार नाही. या स्वराज्याचा गाभा आणखी एका शब्दात आहे, आणि तोही आपण रोज चुकीच्या अर्थाने वाचतो : ‘जबाबदार राज्यपद्धती’. माझ्याकडे मराठी शुद्धलेखन तपासून घ्यायला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने याचा अर्थ ‘जबाबदारीने वागणारे सरकार’ असा लिहिला होता. तसा अर्थ असता तर कुठल्याही चांगल्या राजाचं राज्य जबाबदार ठरलं असतं. शब्द फोडून पाहा. जबाब आणि दार. पोलीस जबाब नोंदवतात तोच हा जबाब. ज्याला जबाब द्यावा लागतो तो जबाबदार. सरकार कोणाला जबाब देतं, हा खरा प्रश्न आहे. लंडनने पाठवलेल्या गव्हर्नरला, की लोकांनी निवडलेल्या सभेला?

कॅनडात हा प्रश्न रक्त सांडून विचारला गेला. १८३७ साली तेव्हाच्या कॅनडाच्या दोन्ही प्रांतांत बंड झालं. फ्रेंच बहुसंख्येच्या खालच्या कॅनडात (आजचं क्वेबेक) पुढारी होता लुई-जोसेफ पापिनो, इंग्रजी भाषकांच्या वरच्या कॅनडात (आजचं ओंटॅरिओ) वर्तमानपत्र चालवणारा विल्यम लायन मॅकेन्झी. दोन्ही बंडं मोडली, मॅकेन्झी सीमा ओलांडून अमेरिकेत पळाला. चौकशीला आलेल्या लॉर्ड डरहॅमने १८३९च्या अहवालात सभेला जबाबदार असलेलं मंत्रिमंडळ द्यावं असं सुचवलं, आणि त्याच अहवालात फ्रेंच लोकांना इंग्रजांत विरघळवून टाकावं असंही म्हटलं. दोन्ही प्रांत एक केले गेले.

पुढची गोष्ट मला फार आवडते. फ्रेंच भाषकांचा नेता लुई-इपोलित लाफोंतेन १८४१च्या निवडणुकीत आपल्या मतदारसंघात उभा राहू शकला नाही, विरोधकांचे दंडुकेवाले वाट अडवून होते. तेव्हा टोरांटोच्या रॉबर्ट बाल्डविनने आपल्या बाजूच्या इंग्रजी भाषक मतदारांकडून त्याला यॉर्कमधून निवडून आणलं. दोन वर्षांनी बाल्डविन स्वतः अडचणीत आला, तर लाफोंतेनच्या माणसांनी त्याला रिमुस्कीतून, म्हणजे पक्क्या फ्रेंच मुलखातून, निवडून दिलं. डरहॅम ज्यांतला एक दुसऱ्यात विरघळवायला निघाला होता, ते दोन समाज असे एकमेकांचा हात धरून उभे राहिले. १८४८ साली या दोघांचं मंत्रिमंडळ आलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नोव्हा स्कोशियात जोसेफ हाउ आणि त्याच्या साथीदारांनी हेच मिळवलं होतं. हा हाउही संपादक. १८३५ साली त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला, त्याने स्वतःच सहा तासांहून जास्त वेळ बचावाचं भाषण केलं आणि ज्यूरीने त्याला सोडलं. टिळकांचे खटले ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे वाचताना थांबावंसं वाटतंच.

जबाबदार राज्यपद्धतीची परीक्षा १८४९ साली झाली. बंडात ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरपाई देणारा कायदा मंत्रिमंडळाने मंजूर करून घेतला. बंडखोरांना पैसे देता का, म्हणून इंग्रज पक्ष खवळला. गव्हर्नर जनरल लॉर्ड एल्गिनने तरीही २५ एप्रिलला सही केली, कारण सभेचं बहुमत पाठीशी असलेल्या मंत्र्यांचा सल्ला तो होता. त्याच्या बग्गीवर अंडी आणि दगड आले. त्या रात्री जमावाने माँट्रियलमधलं संसदभवन पेटवून दिलं. इमारत गेली, पायंडा राहिला : सही गव्हर्नरची, निर्णय लोकांच्या प्रतिनिधींचा.

हाच एल्गिन पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ साली धरमशाळेला वारला. त्याची कबर मॅक्लिऑडगंजच्या देवदारांतल्या चर्चच्या आवारात आहे. इकडे त्याला जबाब विचारणारी निवडलेली सभाच नव्हती. आधी कॅनडाचा गव्हर्नर जनरल, मग हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असा हा प्रवास पुढे डफरिन, लॅन्सडाउन, मिंटो यांनीही केला. मिंटोच्या काळात, १९०८ साली, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. सगळ्यांत बोलकं उदाहरण विलिंग्डनचं. मुंबईचा गव्हर्नर असताना १९१८च्या युद्धपरिषदेत त्याने टिळकांचं भाषण तोडलं आणि टिळक सभा सोडून निघून गेले. १९२६ ते १९३१ तो कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. तिथे मंत्री सांगतील तिथे सही. मग तो दिल्लीला व्हाइसरॉय होऊन आला आणि १९३२च्या जानेवारीत गांधीजींना तुरुंगात टाकून वटहुकमांचं राज्य सुरू केलं. माणूस एकच. वसाहतीचं स्वराज्य असण्यात आणि नसण्यात काय फरक पडतो, हे शब्दकोशापेक्षा या एका माणसाच्या नोकरीवरून जास्त कळतं.

आता १ जुलै. त्या दिवशी, १८६७ साली, ओंटॅरिओ, क्वेबेक, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक या चार प्रांतांचं एक संघराज्य झालं आणि जॉन ए. मॅकडॉनल्ड पहिला पंतप्रधान झाला. त्याला ‘किंगडम ऑफ कॅनडा’ असं नाव हवं होतं. शेजारचं प्रजासत्ताक अमेरिका राज्य-राजा असल्या नावाने दुखावेल अशी लंडनला भीती वाटली. तेव्हा न्यू ब्रन्सविकच्या सॅम्युअल लेनर्ड टिलीने ‘डोमिनियन’ सुचवलं, असं सांगतात. बायबलातल्या ७२व्या स्तोत्रात राजाची सत्ता समुद्रापासून समुद्रापर्यंत राहो अशा अर्थाची ओळ आहे, तिथे इंग्रजीत हा शब्द येतो. आरतीनंतर आपण मंत्रपुष्पांजली म्हणतो, त्यात ‘समुद्रपर्यंताया एकराळिति’ येतं ना, अगदी त्या चालीची ही कल्पना. ‘स्वाराज्यं’ हा शब्दही त्याच मंत्रात आहे. गंमत अशी की त्या दिवशी नव्या डोमिनियनची पश्चिमेची हद्द पॅसिफिकपासून हजारो किलोमीटर अलीकडे होती. ब्रिटिश कोलंबिया आलं १८७१ साली, आणि समुद्र ते समुद्र रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला ७ नोव्हेंबर १८८५ला.

त्यानंतर नऊ दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, रिजायना इथे लुई रिएलला फाशी दिलं. मूळ रहिवासी आणि फ्रेंच यांच्या मिश्र वंशाच्या मेटी लोकांचा हा पुढारी. १८६९-७०मध्ये त्याने उभ्या केलेल्या प्रतिकारातून मॅनिटोबा प्रांत जन्मला होता, आणि १८८५ साली त्याने पुन्हा आपल्या लोकांच्या जमिनीसाठी उठाव केला. इथे मला ‘डोमिनियन’पेक्षा आपला मराठी शब्द जास्त खरा वाटतो. ‘डोमिनियन’ फक्त सत्ता सांगतो. ‘वसाहतीचे स्वराज्य’ ती कोणाची हे सांगून टाकतो : येऊन वसलेल्यांची. जे आधीपासून तिथे वसत होते, ज्यांच्या भाषेतून देशाला ‘कनाटा’ हे नाव मिळालं, ते या स्वराज्यात धरलेले नव्हते. १८७६च्या इंडियन अॅक्टने त्यांना सरकारच्या पाल्यासारखं ठेवलं. आपला कायदेशीर दर्जा न सोडता केंद्रीय निवडणुकीत मत द्यायचा हक्क त्यांना सरसकट मिळाला तो १९६० साली.

आणि आपलं काय? स्वराज्य म्हणजे आपलं दार बंद करायचाही अधिकार. १९०८ साली कॅनडाने नियम केला की मायदेशातून थेट, प्रवास न मोडता येईल त्यालाच उतरू देऊ. हिंदुस्थानातून तशी बोट मिळणंच मुश्कील होतं. १९१४च्या मे महिन्यात ३७६ प्रवासी, बहुतेक शीख, ‘कोमागाता मारू’ बोटीने व्हँकुव्हरला पोचले. दोन महिने बोट बंदरात उभी ठेवून परत धाडली. पुण्याच्या भारत सेवक समाजात गोखल्यांनंतर अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री १९२२ साली कॅनडाभर फिरून तिथल्या हिंदुस्थानी लोकांना मताचा हक्क द्या म्हणून सांगत होते. ब्रिटिश कोलंबियाने तो दिला १९४७ साली.

म्हणून १८६७ला ‘स्वातंत्र्य’ म्हणू नका. परराष्ट्र धोरण तेव्हा लंडनच्याच हाती होतं. १९२६च्या साम्राज्य परिषदेत डोमिनियन आणि ब्रिटन दर्जाने समान असल्याचं मान्य झालं. त्या परिषदेत कॅनडाचा पंतप्रधान होता मॅकेन्झी किंग, म्हणजे पळून गेलेल्या बंडखोर मॅकेन्झीच्या मुलीचा मुलगा. १९३१च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्यावर कायद्याची मोहोर उठली, आणि राज्यघटना बदलण्याचा शेवटचा अधिकार १९८२ साली, पिअर ट्रुडोंच्या कारकिर्दीत, लंडनहून ओटावाला आला. त्याच वर्षी ‘डोमिनियन डे’चा ‘कॅनडा डे’ झाला. कॅनडाचं स्वातंत्र्य असं हप्त्याहप्त्याने आलं, त्याला आपल्या १५ ऑगस्टसारखी एक मध्यरात्र नाही.

आपणही १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात कायद्याने डोमिनियनच होतो. तिथे मात्र मी ‘डोमिनियन’च लिहीन, ‘वसाहतीचे स्वराज्य’ लिहिणार नाही. आपण कुठून येऊन वसवलेली वसाहत नव्हतो.

तेव्हा ताई, फलकावर ‘१ जुलै : कॅनडा दिन’ लिहा. मुलांच्या ओळींत ‘१८६७ साली चार प्रांत एकत्र येऊन कॅनडाचे संघराज्य झाले’ असं येऊ द्या. ‘वसाहतीचे स्वराज्य’ थोड्या मोठ्या मुलांसाठी ठेवा, आणि ते शिकवाल तेव्हा सुरुवात ‘कनाटा’पासून करा.