वाचकांचे प्रश्न : उंच केलेली जिप्सी आणि हरवलेलं स्टेअरिंग

प्रश्न : माझी २००५ ची जिप्सी किंग आहे. पुढे-मागे मूळपेक्षा दोन इंच जास्त लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी) आणि २३५/७५ आर१५ टायर टाकले. तेव्हापासून ७० च्या पुढे गाडी रस्त्यावर भटकते, सतत हात चालवावा लागतो. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही. गॅरेजवाले म्हणतात स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा दांडा) बदला. बदलू का? (सातारा)

उत्तर : डॅम्परचे पैसे सध्या खिशातच ठेवा. स्टेअरिंग परत न येणं म्हणजे कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल) गेला. सायकलचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ धावते. जिप्सीत तेच काम किंगपिनचा (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचा) कल करतो. कंपनीचं मूळ माप साधारण साडेतीन अंश आहे.

आता तुमच्या शॅकलचा हिशेब करू. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं आणि त्याबरोबर अख्खा अ‍ॅक्सल पुढे झुकतो. किती, ते घरीच काढता येतं : शॅकलची वाढलेली लांबी भागिले पाट्याच्या दोन डोळ्यांमधलं (टोकांच्या भोकांमधलं) अंतर, गुणिले ५७. अंतर ९०० मिमी धरलं, तर ५० मिमी वाढीला ३.२ अंश. साडेतीनमधून ३.२ गेले, उरलं काय? आणि एवढं करून दोन इंच शॅकलने गाडी उचलली जाते जेमतेम एक इंच, कारण दुसरं टोक जागेवरच असतं. गाडी उंच करण्याच्या सगळ्या पद्धतींत आम्हाला ही सर्वांत वाईट वाटते. मूळ शॅकल परत लावून जास्त कमानीचे पाटे घेणं हा खरा उपाय.

शॅकल ठेवायच्याच असतील तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये अडीच ते तीन अंशांची लोखंडी पाचर बसवा. अ‍ॅल्युमिनियमची नको, ती चेपते आणि पाटा घट्ट बांधणारे यू-बोल्ट सैल पडतात. जिप्सीत अ‍ॅक्सल पाट्याच्या वर बसतो, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे यायला हवी. उलटी बसली तर उरलासुरला कॅस्टरही जाईल. मूळपेक्षा पाचरीच्या जाडीएवढा जास्त लांब सेंटर बोल्ट घ्या. त्याचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात पूर्ण बसलं नाही तर अ‍ॅक्सल पाट्यावर सरकतो. यू-बोल्ट नवेच घ्या आणि १०० किमी व ५०० किमीला पुन्हा आवळा.

तीन अंशांच्या पुढे जाऊ नका. पाचर जसजसा कॅस्टर देते, तसतशी अ‍ॅक्सलच्या मागच्या बाजूची पिनियन (शाफ्ट जिथे जोडला जातो तो दातेरी भाग) खाली जाते आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचा कोन वाढतो. लांब शॅकलने ती आधीच वर नेली होती, त्यामुळे तीन अंशांपर्यंत ती फक्त मूळ जागी येते. काम झाल्यावर हब लॉक करून मातीच्या रस्त्यावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गिअरमध्ये) ४०-५० ने चालवा. पायाखाली घरघर आली तर कोन जास्त झालाय.

टो-इन (पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली ठेवणं) सगळ्यात शेवटी, २ ते ४ मिमी. अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टरचा आकडा छापून घ्या. बरेच जण फक्त टो बघून मोकळे होतात. तुमचा टायर मूळ २०५/७० आर१५ पेक्षा साधारण ६५ मिमी मोठ्या व्यासाचा आहे, त्यामुळे पॉवर नसलेलं स्टेअरिंग थोडं जड राहणारच. त्यावर इलाज म्हणून टायरमध्ये जास्त हवा भरू नका, गाडी आणखी भटकेल. हलक्या जिप्सीला हायवेवर २६ पीएसआयपासून सुरुवात करून बघा.

प्रश्न : पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेऊन जिप्सी पाच इंच उंच केली. आता प्रत्येक खड्ड्यात स्टेअरिंग हातातून एका बाजूला ओढलं जातं. अलाइनमेंट तीनदा केलं. (कोल्हापूर)

उत्तर : अलाइनमेंट तीसदा केलं तरी हे जाणार नाही. गाडी उभी करा, चाकं सरळ ठेवा, दोघांना बंपरवर जोर देऊन पुढची बाजू दाबायला सांगा आणि स्टेअरिंगकडे बघा. ते आपोआप फिरताना दिसेल.

स्टेअरिंग बॉक्स चॅसीसोबत वर गेला, चाक खालीच राहिलं, म्हणून पिटमन आर्मपासून (बॉक्समधून निघणाऱ्या हातापासून) पलीकडच्या चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक तिरका झाला. लिंक २० अंश तिरका असेल, तर पाटा ५० मिमी दबताना लिंकचं टोक सुमारे १८ मिमी बाजूला ढकललं जातं. ५ अंशांवर हेच जेमतेम ४ मिमी होतं. त्यामुळे लिंक आडवा करणं हाच उपाय.

बाजारात झेड आकाराचा वाकवलेला लिंक स्वस्तात मिळतो. तो पाट्याला घासत नाही, पण कोन सुधारत नाही, कारण दोन्ही टोकं तिथेच राहतात. वर तो लवचिक असल्याने स्टेअरिंग उशिरा उत्तर देतं. नकलवर (चाक धरून वळणाऱ्या भागावर) उंच आर्म बसवून लिंक पाट्यांच्या वरून न्यावा. महाग आहे, पण पैसे इथेच घाला. मूळ लिंक तापवून वाकवणं किंवा मध्ये तुकडा वेल्ड करणं कोणी सुचवलं तर गाडी परत घेऊन या.

आणि हो, तुमच्या गाडीत पाटा वर, अ‍ॅक्सल खाली आहे. म्हणजे वर सांगितलेली पाचर लावाल तेव्हा जाड बाजू मागे.

प्रश्न : जिप्सी ६० वर असताना छोटा खड्डा लागला की पुढची चाकं वेड्यासारखी थडथडतात, ब्रेक मारेपर्यंत थांबत नाहीत. बॅलन्सिंग दोनदा झालं. (पनवेल)

उत्तर : आधी किंगपिन तपासा. चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली की मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिन. ब्रेक लागला की हब नकलशी जखडला जातो, व्हील बेअरिंगला हलायला वावच उरत नाही, म्हणून ही युक्ती चालते.

किंगपिनच्या बेअरिंगमध्ये खाचा पडल्या असतील तर ती बदला. शाबूत असतील तर शिम (पातळ चकत्या) कमी करून आवळा, वरून आणि खालून सारख्याच, नाहीतर नकल मध्यावरून सरकतो. अंदाजाने करू नका : टायरॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) सोडवा, नकलची मोठी सील काढा, टायरॉडच्या भोकात ताणकाटा अडकवून ओढा. नकल १ ते १.८ किलोला हलायला लागला पाहिजे. कमी असेल तर थडथड परत येईल, जास्त असेल तर स्टेअरिंग वळणानंतर अडकून राहील.

त्यानंतर एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवत राहावं, दुसऱ्याने खाली झोपून एकेका टायरॉड एंडवर बोट ठेवावं. झिजलेला एंड डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळतो. डॅम्पर सगळ्यात शेवटी. आधी टाकलात तर तो रोग झाकतो आणि सहा महिन्यांत स्वतःच संपतो.

प्रश्न : स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून ढिलाई काढता येते का?

उत्तर : येते, पण चाकं बरोबर सरळ असतानाच. बॉक्सचे दाते मध्यावर मुद्दाम घट्ट बसवलेले असतात. चाकं वळलेली असताना आवळलंत तर मध्यावर येताच बॉक्स अडकेल. चेकनट सैल करा, स्क्रू एका वेळी आठवा हिस्सा फिरवा, चेकनट आवळा, गाडी चालवून बघा. स्टेअरिंग मध्यावर जड लागलं की एक पायरी मागे या.

प्रश्न : नव्या थारला पुढे दोन इंची स्पेसर (स्प्रिंगपाशी बसवायच्या जाड चकत्या) टाकले तर? (पुणे)

उत्तर : २०२० नंतरच्या थारला पुढे अखंड अ‍ॅक्सल नाही, त्यामुळे पाचर, ड्रॅग लिंक हे काही लागू नाही. स्पेसरने खालचे आर्म लोंबतात, टायरॉड तिरके होतात, अ‍ॅक्सल शाफ्टचे जॉइंट सतत कोनात फिरतात आणि टो बदलतो. गाडी गॅरेजातून निघाल्यावर आधी थेट अलाइनमेंटला न्या. चाक हवेत पूर्ण लोंबवून वरचा आर्म कुठे टेकतो का तेही बघून घ्या. टेकत असेल तर एक इंची स्पेसर पुरे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असे बदल आरटीओत अडकू शकतात आणि अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीही बोट ठेवते. मूळ स्प्रिंग आणि बोल्ट भंगारात देऊ नका.