‘जलसमाधी’ हा शब्द ‘लिस्बन मारू’साठी वापरावा का?

प्रश्न असा आला आहे : ‘लिस्बन मारू या जपानी मालवाहू जहाजाला १९४२ साली जलसमाधी मिळाली, त्यात ८०० हून अधिक ब्रिटिश युद्धकैदी दगावले’ हे वाक्य भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे का?

व्याकरणात चूक नाही. जहाज बुडाले की ‘जलसमाधी’ लिहिण्याची वर्तमानपत्री रीत रुळलेलीच आहे. तरीही या घटनेसाठी तो शब्द मला अजिबात मान्य नाही.

समाधी घेतली जाते. निदान ती घेणाऱ्याची संमती त्यात गृहीत असते. रामाने शरयूत जलसमाधी घेतली असे आपण म्हणतो, आणि धरणग्रस्त जलसमाधीचा इशारा देतात तेव्हाही निर्णय त्यांचाच असतो. सेवेतून निवृत्त झालेली युद्धनौका मुद्दाम समुद्रात बुडवली, तर तिला जलसमाधी दिली हे शोभते, कारण त्यात निरोपाचा भाव आहे.

‘लिस्बन मारू’चे तसे नव्हते. १९२० साली योकोहामा येथे बांधलेले, सुमारे ७ हजार टनांचे हे जहाज युद्धात जपानी लष्कराच्या वाहतुकीला जुंपले गेले. सप्टेंबर १९४२ च्या अखेरीस ते हाँगकाँगहून जपानकडे निघाले, तेव्हा मालाच्या तीन कोठारांत १,८०० हून अधिक कैदी कोंबलेले होते आणि शिवाय मायदेशी परतणारे शेकडो जपानी सैनिक होते. आत कैदी असल्याची कोणतीही खूण बाहेरून दिसत नव्हती. १ ऑक्टोबरला ‘ग्रूपर’ या अमेरिकी पाणबुडीचा टॉर्पेडो त्यावर आदळला. जहाज लगेच बुडाले नाही. जपानी सैनिकांना दुसऱ्या जहाजांवर हलवले गेले. कोठारांची तोंडे मात्र फळ्यांनी बंद करून वर ताडपत्री ताणून बांधली गेली. आतली हवा कोंदत गेली, एका कोठारात पाणी शिरू लागले आणि तिथले कैदी हातपंप मारत राहिले. दुसऱ्या दिवशी जहाज कलू लागल्यावर कैद्यांनी फळ्या फोडल्या, तेव्हा बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. झौशान बेटांवरच्या चिनी कोळ्यांनी आपल्या होड्या घालून ३८४ जणांना वाचवले. युद्धानंतर हाँगकाँगमधील ब्रिटिश लष्करी न्यायालयाने जहाजाच्या कप्तानाला ७ वर्षांच्या कैदेची शिक्षा ठोठावली.

म्हणजे येथे दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि दोहोंना वेगवेगळे कर्ते आहेत. पाणबुडीने जहाज बुडवले. कैद्यांना कोंडून ठेवले ते जपान्यांनी. ‘जलसमाधी मिळाली’ म्हणताच हे दोन्ही कर्ते वाक्यातून नाहीसे होतात, आणि ‘दगावले’ या क्रियापदाने तर साथीत माणसे जावीत तसा अर्थ होतो. १९४७ साली मुंबईहून रेवसकडे जाणारी रामदास बोट गेली, त्याबद्दल कोकणातली माणसे आजही ‘रामदास बुडाली’ एवढेच म्हणतात, आणि त्या साध्या क्रियापदात दुःख कुठेही कमी पडत नाही.

मी वाक्य असे लिहीन : ‘अमेरिकी पाणबुडीच्या हल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी लिस्बन मारू बुडाले, जपान्यांनी कोठारांत कोंडलेल्या ब्रिटिश कैद्यांपैकी ८०० हून अधिक जणांचा बळी गेला.’ ‘बुडाले’ हे नपुंसकलिंगी रूप मनातल्या ‘जहाज’ या शब्दामुळे आले आहे; ‘बोट’ मनात धरून कोणी ‘बुडाली’ लिहिले तर तेही बरोबरच, फक्त एका लेखात एकच रूप ठेवावे.