श्टुटगार्टचा रविवार आणि दारावरची केरसुणी

तू विचारलंस, "ताई, फेब्रुवारीत श्टुटगार्टला येतोय, एकटाच. नोकरी, व्हिसा, खोली सगळं मार्गी लागलंय. पण शनिवार-रविवारी करायचं काय? खोलीत बसून वेड लागेल का?" कुकर आणायचा का, तांदूळ कुठला घ्यायचा हे बाकीच्यांनी तुला सांगितलंच आहे. (कुकर आण. तीन लिटरचा पुरतो.) मी फक्त रविवारबद्दल लिहिते.

रविवारी इथे दुकानं बंद. म्हणजे खरंच बंद. सकाळी बेकऱ्या उघडतात, मोठ्या स्टेशनात थोडंफार मिळतं, बाकी शुकशुकाट. शनिवारी दूध-भाजी आणायची राहिली तर रविवारी पोहे, तेही कोथिंबिरीशिवाय. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल चालवायचं नाही. आपल्याकडे रविवार म्हणजे राहिलेल्या कामांचा दिवस. इथे कामाचा आवाजच करायचा नाही म्हटल्यावर पहिले सहा महिने मला दुपारी तीननंतर भिंती अंगावर यायच्या. पुण्याला व्हिडिओ कॉल किती वेळ करणार? तिकडे संध्याकाळ झालेली असते, लोकांना कामं असतात.

मी 2023 मध्ये आले, श्टुटगार्टच्याच बाड कानश्टाट भागात राहते. ऑफिसच्या खिडकीतून नेकार नदीपलीकडे एका टेकडीवर घुमट दिसायचा. मी मनात त्याचं देऊळ करून टाकलं होतं. त्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी शेजारच्या एस्लिंगन गावाला जायचं म्हणून एस-वन लोकलमध्ये बसले. तिथली जुनी लाकडी घरं बघायची, कॉफी प्यायची, परत यायचं, एवढाच बेत. वाटेतल्या उंटरट्युर्कहाइम स्टेशनला दार उघडलं, समोर तोच घुमट, आणि मी उतरले. विचार केला असता तर उतरले नसते. पायात धड बूटही नव्हते.

वर जायला बस आहे, पण मी द्राक्षबागांतून चालत निघाले. तू नाशिकचा, तुला मजा वाटेल. आपल्याकडे बाग सपाटीवर, मांडवाखाली सावली. इथे वेली उभ्या उतारावर, मध्ये दगडी बांध, आणि वाट अशी चढी की पर्वतीच्या पायऱ्या सोप्या वाटाव्यात. तोडणी जवळपास संपलेली, पानं पिवळी-तांबडी. वाटेत भेटणारा प्रत्येक जण "ग्र्युस गॉट" म्हणजे इकडचा नमस्कार म्हणत होता. शहरात लिफ्टमध्ये मान वर न करणारी हीच माणसं!

वर पोचल्यावर कळलं, देऊळ नाही, समाधी आहे. इथला, म्हणजे व्युर्टेमबर्गचा, राजा विल्हेल्म पहिला यानं राणी काथारीनासाठी 1820 ते 1824 मध्ये बांधलेली. त्यासाठी आपल्या घराण्याचा मूळ किल्लाच त्यानं पाडला. ती रशियाच्या झारची मुलगी, 1819 मध्ये गेली तेव्हा वय अवघं 30. दारावर लिहिलंय त्याचा अर्थ, प्रेम कधी संपत नाही. ताजमहालाची आठवण येतेच, पण मला तिची दुसरी गोष्ट जास्त आवडली. 1815 मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेमुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली. त्या दुष्काळात तिनं मदतीचं काम उभं केलं. पुढे 1818 मध्ये शेतकऱ्यांना हुरूप यावा म्हणून राजा-राणीनं शेतीचा उत्सव सुरू केला. आमच्या कानश्टाटमध्ये दर सप्टेंबर-ऑक्टोबरात पाळणे आणि बिअरचे तंबू लागतात, तो फोल्क्सफेस्ट म्हणजे हाच. मी गर्दीला शिव्या घालत त्याच्या कडेनं रोज जात होते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

तिथून समोर गाड्यांचे कारखाने, स्टेडियम आणि पलीकडच्या डोंगरावर 1956 चा टीव्ही टॉवर दिसतो. काँक्रीटचा असा जगातला पहिला. मला सिंहगडावरचा टॉवर आठवला आणि थोडं रडूही आलं. हे सांगून ठेवते, कारण तुलाही येईल, आणि नेमकं छान काहीतरी बघतानाच येईल.

पलीकडच्या अंगानं उलबाख गावात उतरले तेव्हा फोनची बॅटरी संपली होती. एका घराच्या दारावर केरसुणी टांगलेली. आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी आली की दाराला 'केरवोख'ची पाटी अडकवतात. मला वाटलं, त्यातलाच प्रकार. पण आतून हसण्याचे आवाज येत होते. त्याला म्हणतात बेझन, म्हणजेच झाडू: द्राक्षं पिकवणाऱ्यानं स्वतःच्याच घरात मांडलेली खानावळ. नियमानं वर्षात जास्तीत जास्त 4 महिने आणि 40 खुर्च्या. केरसुणी बाहेर म्हणजे चालू, आत म्हणजे बंद. वेगळं टेबल मिळत नाही, "इथे जागा आहे का?" विचारून अनोळखी लोकांत बसायचं. मी लिन्झन मिट श्पेट्झले मागवलं, "ओने वुर्स्ट, ओने श्पेक" म्हणजे सॉसेज आणि डुकराची चरबी नको असं दोनदा सांगून. मसुराची आमटी आणि कणकेचे तुकडे, आंबटपणाला व्हिनेगर. अरे, वरणफळं! फक्त फोडणी नाही. तू शाकाहारी असशील तर एक लक्षात ठेव: इथल्या बटाट्याच्या सॅलडमध्येही बहुधा मांसाचा रस्सा असतो.

निघताना नव्या, अजून फसफसणाऱ्या वाईनची बाटली घेतली आणि पिशवीत आडवी ठेवली. तिचं बूच मुद्दाम सैल असतं, वायू बाहेर जावा म्हणून. ओबरट्युर्कहाइम स्टेशन येईपर्यंत स्वेटर, पाकीट, घराच्या किल्ल्या सगळं चिकट. त्यात पास फोनमध्ये आणि फोन बंद. त्या चिकट पाकिटातली नाणी मोजून मशीनमधून तिकीट काढलं.

म्हणून आता कामाचं. आल्याआल्या डॉइचलांडटिकेट घे: 2026 पासून महिन्याला 63 युरो, देशभरातल्या लोकल, बस, ट्राम, साध्या गाड्या सगळं त्यात (आयसीई या वेगवान गाड्या नाहीत). महिनाअखेर बंद करायचं तर त्याच महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावं लागतं. चिपकार्ड मिळत असेल तर तेच घे. फोन बंद पडला आणि तपासनीस आला तर 60 युरो दंड लागतो. पास तुझ्याच नावाचा होता हे नंतर दाखवलं की तो 7 वर येतो, पण त्यासाठी खेटे घालावे लागतात. थोडी रोकड जवळ ठेव, बेझनमध्ये कार्ड चालेलच असं नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, मग सव्वापाचलाच अंधारतं. दुपारचं जेवून निवांत निघायची सवय तेव्हा सोड.

आणि पॅरिस, स्वित्झर्लंडच्या याद्या आत्तापासून करू नकोस. ते मित्र जमले की होईलच. तू येशील तेव्हा वेली बोडक्या असतील, पण हिवाळ्यातही बरेच बेझन उघडे असतात. केरसुणी दिसली की आत शीर. बाटली उभी धर.